रांगेतलं घड्याळ आणि झाकणाखालचं घड्याळ

पहिलं मोठं घड्याळ घ्यायला निघालेल्यांच्या तोंडी आज ठरावीक नावं असतात. रोलेक्सचं सबमरिनर किंवा डेटोना, ओमेगाचं स्पीडमास्टर, कार्तिएचं टँक, आणि ऐपतीबाहेरचं म्हणून पाटेक फिलिपचं नॉटिलस. हिंगण्याच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणारा उद्योजक असो की तिथल्याच एखाद्या कारखान्यातली तरुण इंजिनिअर, त्यांची यादी मुंबईतल्या किंवा दुबईतल्या माणसाच्या यादीपेक्षा वेगळी नसते. यादी सगळीकडे सारखी झाली आहे. पण घड्याळापर्यंत पोचायचा रस्ता, त्यावरचा कर, खरं-खोटं तपासायची सोय आणि बिघडल्यावर ते उघडणारा हात हे सगळं ज्याच्या-त्याच्या गावावर अवलंबून असतं. नागपूरच्या वेशीवर राहणाऱ्या नवख्या संग्राहकाने या साऱ्याचा विचार कसा करावा, ते इथे मांडायचं आहे.

माझं मत आधीच सांगून ठेवणं बरं. संग्रह करायचा असेल तर पहिली काही घड्याळं अशी असावीत की त्यांचं मागचं झाकण उघडता येईल, आतलं यंत्र कुणीतरी समजावून देईल आणि ते बिघडलं तर हिंगण्यात नाही तरी निदान सीताबर्डीवर दुरुस्त होईल. रांगेत नाव घालून मिळणारं घड्याळ त्यानंतर घ्यावं. हा क्रम उलटा करणारे पैसे तर घालवतातच, पण पुष्कळदा घड्याळांचा नादही गमावून बसतात, आणि ते नुकसान मला मोठं वाटतं.

ही नावं एवढी हवीहवीशी झाली कशी, हे आधी पाहू. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. बॅटरीवर सेकंदाला ८,१९२ वेळा कंप पावणारा स्फटिक कुठल्याही चावीच्या घड्याळापेक्षा अचूक वेळ दाखवू लागला, आणि पुढे तो स्वस्तही झाला. स्वित्झर्लंडमधल्या घड्याळ कारखान्यांत १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास माणसं काम करत होती. पंधरा-सोळा वर्षांत त्यातली जेमतेम एक तृतीयांश उरली. वेळ दाखवणं हे काम हातातून गेल्यावर जगलेल्या कंपन्यांनी घड्याळाला दागिन्याची आणि वारशाची जागा मिळवून दिली. जेराल्ड जेंटा या रेखाकाराने ओदेमार पिगेसाठी काढलेलं रॉयल ओक १९७२ मध्ये आलं. ते पोलादाचं होतं, तरी त्याची किंमत सोन्याच्या घड्याळांना मागे टाकणारी होती. त्याच जेंटांचं नॉटिलस १९७६ मध्ये पाटेकने आणलं. आज ज्या पोलादी घड्याळांसाठी माणसं वर्षानुवर्षं थांबतात, त्यांची सुरुवात इथे आहे.

पुढची उडी लिलावांनी मारली. पॉल न्यूमन या अभिनेत्याचं स्वतःचं डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. पाटेकने २०२१ मध्ये नॉटिलसचं ५७११ हे पोलादी मॉडेल बंद करायचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात टिफनीच्या निळ्या तबकडीचं एक ५७११ पासष्ट लाख डॉलरना विकलं गेलं. दुकानात त्याची किंमत पन्नास-बावन्न हजार डॉलर होती. कोविडच्या काळात घरी बसलेला पैसा या बाजारात उतरला, २०२२ च्या सुरुवातीला जुन्या-नव्या मागणीच्या घड्याळांचे भाव शिखराला पोचले आणि त्याच वर्षात घसरू लागले. शिखरावर घेणाऱ्यांत गुंतवणूक म्हणून आलेले फार होते. घड्याळ ही गुंतवणूक आहे असं सांगणारा माणूस बहुधा घड्याळ विकणारा असतो, एवढं नवख्याने ध्यानात ठेवावं. आवडीने घेतलेल्या घड्याळाचे पैसे पुढे परत मिळाले तर आनंदच आहे, पण तो हिशेब खरेदीच्या दिवशी मांडू नये.

आता रांगेबद्दल. ही रांग रेशनच्या दुकानासारखी क्रमांकाची नसते. कंपनी ठरावीक माल अधिकृत विक्रेत्याकडे पाठवते आणि तो कुणाला द्यायचा हे बरंचसं विक्रेता ठरवतो. जुना ग्राहक, ओळखीचा ग्राहक, ज्याने आधी बऱ्याच वस्तू घेतल्या तो ग्राहक पुढे जातो. त्यामुळे ‘आधी हे घ्या, मग ते मिळेल’ असं थेट न बोलताही सुचवलं जातं. नको असलेलं एक घड्याळ हव्या असलेल्या घड्याळाच्या आशेवर घेणं म्हणजे हातचे पैसे पळत्याच्या पाठी लावणं आहे. ते करू नये. त्यापेक्षा आपलं नाव, आपल्याला काय हवं आणि का हवं हे स्पष्ट सांगून यावं आणि मग विसरून जावं. सगळ्यांनाच रांग लागते असंही नाही. स्पीडमास्टर, टँक, ट्यूडरची बहुतेक मॉडेलं काउंटरवर पाहून घेता येतात. रोलेक्समध्येही साध्या तबकडीच्या डेटजस्टला डेटोनाइतकं थांबावं लागत नाही. १९४५ पासून बनत आलेलं डेटजस्ट हे नवख्यासाठी डेटोनापेक्षा अधिक शहाणं घड्याळ आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्यात बिघडायला कमी आहे आणि ते रोज वापरता येतं.

रांग टाळायची म्हणून माणसं दुसऱ्या हाताच्या बाजारात जातात. इथे भारतात गेल्या काही वर्षांत फरक पडला आहे. चंदीगडहून सुरू झालेली आणि २०२२ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेलेली इथॉस कंपनी नव्या घड्याळांबरोबर जुनीही तपासून, हमी देऊन विकते. रोलेक्सने स्वतः डिसेंबर २०२२ मध्ये युरोपात आपली जुनी घड्याळं प्रमाणपत्रासह विकायला सुरुवात केली. मुंबईतल्या अस्तागुरूसारख्या लिलावघरांच्या यादीत आता चित्रांशेजारी घड्याळंही असतात. मात्र लिलावात बोलीच्या आकड्यावर घराचं कमिशन आणि कर चढतो, तो आधी मोजावा. इंटरनेटवरून खासगी माणसाकडून घ्यायचं असेल तर सगळा भार तुमच्या डोळ्यावर येतो, आणि नवख्याचा डोळा अजून तयार झालेला नसतो.

जुनं घेताना डबा आणि कागद असले की निम्मं काम झालं, असं विक्रेते सांगतात. कागद हवेतच. बिलावर केसचा क्रमांक लिहून घ्यावा, हमी किती महिन्यांची आणि कशाची हेही लेखी घ्यावं. पण डबे आणि कार्डंही बनावट मिळतात आणि एका घड्याळाचा डबा दुसऱ्यासोबत दिला जातो. रोलेक्सचं झाकण भरीव असतं, आतलं यंत्र बाहेरून दिसत नाही. इथे दृष्टीआड सृष्टी परवडत नाही. विक्रेत्याने समोर झाकण उघडून दाखवायला नकार दिला तर पुढे बोलूच नये. जुनी मोटारसायकल घेताना आपण ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो, तसा इथे घड्याळजी न्यावा.

‘फर्स्ट कॉपी’ नावाने जे विकलं जातं त्याबद्दल थोडक्यात. ती नक्कल आहे, १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली तिची विक्री हा गुन्हा आहे. ती घालणाऱ्याला लोक हसत नाहीत, पण संग्राहकाने ती घेतली की त्याच्या प्रत्येक खऱ्या घड्याळाकडे संशयाने पाहिलं जातं. आजच्या नकला इतक्या सफाईदार झाल्या आहेत की वजन, चकाकी, सेकंदकाट्याची चाल यांवरून ओळखण्याचे जुने आडाखे पुरत नाहीत. झाकण उघडणं हाच खात्रीचा उपाय उरला आहे.

पैशाच्या व्यवहारात कायदा नेमका आहे. एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला विक्रेत्याला मनाई आहे, दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो, आणि २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांपेक्षा महाग मनगटी घड्याळावर विक्रेता एक टक्का टीसीएस गोळा करतो. हा एक टक्का जादा कर नव्हे; तो तुमच्या नावावर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. ‘बिल नको, थोडं कमी करतो’ असं कुणी म्हणालं तर जे वाचतं त्यापेक्षा पुढे घड्याळ विकताना जास्त जातं, कारण बिलाशिवायच्या घड्याळाला चांगला गिऱ्हाईक हात लावत नाही.

नागपूरहून आखाताकडे विमानं जातात, आणि हिंगणा-वाडी भागातल्या पुष्कळ घरांचं कुणी ना कुणी तिकडे नोकरीला आहे. त्यामुळे ‘भावाला सांगून दुबईतून आणू’ हा विचार हमखास निघतो. स्विस घड्याळावर भारतात मूळ आयात शुल्क वीस टक्के, त्यावर अठरा टक्के जीएसटी, शिवाय अधिभार, असं मिळून ओझं चाळीस टक्क्यांच्या वर जात आलं आहे. दुबईतली किंमत म्हणून मोहात पाडते. पण प्रवाशाने ते मनगटावर घालून आणलं म्हणून त्यावरचं शुल्क माफ होत नाही. सवलतीच्या मर्यादेवरचं घड्याळ लाल वाटेने जाहीर करून शुल्क भरावं लागतं, आणि न भरता सापडलं तर घड्याळ जप्त होतं. उलट, आपलंच महागडं घड्याळ घालून परदेशी जाणाऱ्याने निघतानाच कस्टम्सकडून निर्यातीचा दाखला घ्यावा, म्हणजे परतताना ते नवं समजलं जात नाही. बदल मात्र होतो आहे. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा १० मार्च २०२४ रोजी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि त्यानुसार स्विस घड्याळांवरचं शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. ज्याला घाई नाही त्याने थांबायला हे एक बरं कारण आहे.

थांबायचं, तर तोवर करायचं काय? आपल्या दाराशी असलेलं शिक्षण घ्यायचं. मराठी संग्राहकाला जे मिळालं आहे ते लंडन-दुबईतल्या नवख्याला मिळत नाही, कारण जुन्या चावीच्या घड्याळांचा केवढा तरी साठा या देशात आहे आणि त्याचा मोठा बाजार मुंबईत आहे. मुंबई आणि घड्याळ हे नातं जुनं आहे. १७३७ चा वारसा सांगणारं फावर-ल्यूबा हे स्विस घराणं १८६५ च्या सुमारास भारतात धंद्यासाठी आलं आणि मुंबईत त्याने पाय रोवले. वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८६ मध्ये मुंबईतच सुरू झाली. स्वित्झर्लंडमध्ये बनलेली तिची घड्याळं फौजेत आणि रेल्वेत चालली. लहान-मोठ्या गावांतल्या जुन्या घरांत फावर-ल्यूबाचं सी चीफ किंवा वेस्ट एंडचं सोवार प्राइमा अजून निघतं. यातल्या पहिल्या नावाचं पुढे काय झालं तेही लक्षात घेण्याजोगं आहे. फावर-ल्यूबाचा ब्रँड २०११ मध्ये टायटनने विकत घेतला, २०२३ मध्ये तो इथॉसच्या गटाकडे गेला आणि २०२४ मध्ये त्याची नवी घड्याळं पुन्हा बाजारात आली. भारताशी जोडलेलं आणखी एक प्रसिद्ध घड्याळ म्हणजे जेजर-लकुल्त्रचं रिव्हर्सो. भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची घड्याळं पोलो खेळताना फुटत, म्हणून केसच उलटी करून काच आत लपवता येईल अशी त्याची रचना १९३१ मध्ये झाली.

या सगळ्यांत नवख्यासाठी सगळ्यात मोलाचं मात्र एचएमटी आहे. हिंदुस्तान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. पुढे श्रीनगर, तुमकुरू, राणीबाग असे कारखाने झाले. जनता, पायलट, जवान, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं आजही पन्नाशीपुढच्या कुणालाही तोंडपाठ असतात. हिंगण्याच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या पिढीच्या घरी लग्नात आलेलं किंवा सेवेबद्दल मिळालेलं एचएमटी कपाटात असण्याची शक्यता मोठी आहे. १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आली आणि एचएमटीचा उतार लागला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. तुमकुरूची जागा नंतर इस्रोकडे गेली. कारखाना बंद होणार ही बातमी २०१४ मध्ये आली तेव्हापासूनच लोकांनी जुनी एचएमटी शोधायला सुरुवात केली होती. सतरा माणकांचं, हाताने चावी द्यायचं जनता दोन-चार हजारांत चांगल्या अवस्थेत मिळतं. संग्राहकाला लागणारी बहुतेक सगळी विद्या त्यात आहे.

ही विद्या का लागते ते मुंबईचा बाजारच शिकवतो. चोरबाजारातून आणि तिथल्या कारागिरांकडून देशभर, आणि आता इंटरनेटवरून जगभर, जी जुनी घड्याळं जातात त्यांत एक जात अशी आहे की परदेशी संग्राहकांनी तिला ‘मुंबई स्पेशल’ असं नावच देऊन टाकलं आहे. तीन-चार मेलेल्या घड्याळांचे भाग जुळवून एक चालू घड्याळ तयार केलेलं असतं, तबकडी घासून पुन्हा छापलेली असते, बहुधा भडक निळी, केशरी किंवा जांभळी. कधी फावर-ल्यूबाच्या तबकडीखाली दुसऱ्याच कंपनीचं यंत्र असतं. हे करणाऱ्या कारागिरांच्या हाताला मी कमी लेखत नाही. भाग मिळत नसताना मोडलेलं घड्याळ चालतं करणं ही खरी कारागिरी आहे आणि वापरायला म्हणून कुणी ते घेतलं तर त्यात काही वावगं नाही. चुकतो तो विक्रेता, जो ते ‘ओरिजिनल’ म्हणून विकतो. संग्राहकाला मूळ तबकडी हवी असते. जुन्या घड्याळाची निम्म्याहून जास्त किंमत तबकडीत असते, आणि तिच्यावरचे डाग, पिवळेपणा, बारीक तडे हे तिचं खरेपण सांगतात.

मग ओळखायचं कसं? आधी दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यावं. कारखान्यातल्या छपाईची अक्षरं भिंगाखालीही धारदार दिसतात. पुन्हा छापलेली अक्षरं जाड, पसरलेली, कधी किंचित तिरकी असतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात का ते पाहावं. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे, तोकडा असेल तर काटे दुसऱ्या घड्याळाचे आहेत. केसच्या कडा धारदार असाव्यात. साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर अनेकदा पॉलिश झालं आहे. सेकोच्या जुन्या घड्याळात तर कंपनीनेच सोय करून ठेवली आहे. झाकणावर चार आकडी यंत्रक्रमांक असतो आणि तबकडीच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत तोच क्रमांक पुन्हा असतो. दोन्ही जुळले नाहीत तर तबकडी किंवा झाकण बदललेलं आहे. झाकणावरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना सांगतो. एचएमटीमध्ये देवनागरी आकड्यांच्या तबकड्या आपल्याकडे फार आवडतात, आणि आवडतात म्हणूनच त्या नव्याने छापल्याही जातात. तिथे भिंग दुप्पट काळजीने लावावं.

त्यानंतर यंत्र. टाइमग्राफर नावाचं छोटं उपकरण घड्याळाचा आवाज ऐकून ते दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जातं आणि आतलं बॅलन्स चाक किती अंशांत झुलतं ते दाखवतं. पूर्ण चावी दिल्यावर हा झोका पावणेतीनशे अंशांच्या आसपास असेल तर प्रकृती ठीक, दोनशेच्या जवळ घसरला असेल तर तेलपाणी हवं. चांगल्या घड्याळजीकडे हे यंत्र असतं; फोनवर मोफत मिळणाऱ्या ॲपनेही अंदाज येतो. तुलनेसाठी मापं अशी : स्विस क्रोनोमीटर प्रमाणपत्राला दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा आहे, रोलेक्स स्वतः पुढे-मागे दोन सेकंदांची हमी देतं. पन्नास वर्षांचं जनता दिवसात अर्ध्या मिनिटाच्या आत राहिलं तरी ते उत्तम म्हणावं. एक सावधगिरी मात्र घ्यायलाच हवी. १९६० पूर्वीच्या पुष्कळ घड्याळांच्या काट्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियम लावलेलं असे. त्याची चमक कधीच विझली, किरणोत्सर्ग मात्र हजारो वर्षं राहतो. असं घड्याळ घरी उघडू नये, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये.

हिंगण्यात राहणाऱ्याने खरेदीआधी आपल्या रोजच्या दिवसाचाही विचार करावा. एमआयडीसीतल्या वेल्डिंग मशीन, मोठ्या मोटारी, लोहचुंबकाचे चक यांच्याजवळ काम करणाऱ्याचं चावीचं घड्याळ चुंबकित होतं. बारीक केसासारखी हेअरस्प्रिंग चिकटते आणि घड्याळ दिवसाला मिनिटं-मिनिटं पुढे पळू लागतं. पुष्कळांना वाटतं यंत्र बिघडलं. प्रत्यक्षात काहीशे रुपयांच्या डीमॅग्नेटायझरने क्षणात काम होतं. रोज अशाच जागी राहायचं असेल तर ओमेगाची पंधरा हजार गॉसपर्यंत टिकणारी घड्याळं खरोखर उपयोगाची आहेत. ती जाहिरातीतली चैन वाटली तरी कारखान्याच्या फरशीवर तिचा अर्थ कळतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा घड्याळ उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, आतलं तेल पातळ होऊन सरकतं. पाण्याबाबत आकड्याने फसू नये. ‘३० मीटर’ म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी. पावसात दुचाकीवर जायचं असेल तर १०० मीटरचं आणि स्क्रूने आवळायच्या चावीचं घड्याळ हवं, आणि त्यातलंही रबर दर काही वर्षांनी बदलायला हवं. चामडी पट्टा विदर्भाच्या उन्हाळ्यात टिकत नाही, पोलादी किंवा नायलॉनचा बरा.

दुरुस्तीचं अंतर हा तर मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. मोठ्या स्विस कंपन्यांची अधिकृत दुरुस्ती मुंबई-दिल्लीकडे होते. समृद्धी महामार्ग हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासूनच सुरू होतो आणि जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, तरी घड्याळ पाठवायचं, महिनाभर वाट पाहायची आणि काही हजारांपासून लाखाच्या आसपास जाणारं बिल भरायचं, हे टळत नाही. रोलेक्स दहा वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवतं, इतर बऱ्याच घड्याळांना पाच ते सात वर्षं धरावीत. तारीख-वार दाखवणाऱ्या साध्या ऑटोमॅटिकचा खर्च आणि क्रोनोग्राफचा खर्च यांत मोठा फरक असतो. दहा लाखांचं घड्याळ घेणाऱ्याने दर वर्षी काही रक्कम त्याच्या देखभालीसाठी आणि विम्यासाठी बाजूला ठेवता येते का ते आधी पाहावं. घराच्या साध्या विम्यात महागडं घड्याळ आपोआप धरलं जाईल असं समजू नये, ते वेगळं नोंदवावं लागतं.

जुनं एचएमटी आणि दहा लाखांचं घड्याळ या दोन टोकांच्या मध्ये जे आहे त्यात आज निवडीला भरपूर आहे. वीस-पन्नास हजारांत सेको, सिटिझन, टिसोची ऑटोमॅटिक मिळतात. टिसोच्या काहींत ऐंशी तास चालणारं यंत्र असतं, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेलं सोमवारी सकाळी चालूच असतं. टायटनही आता स्वतःची यांत्रिक घड्याळं बनवते. २००२ मध्ये साडेतीन मिलिमीटर जाडीचं एज आणून तिने काय जमतं ते दाखवलंच होतं. बंगळुरू वॉच कंपनी, जुनी नाणी तबकडीत बसवणारी जयपूर वॉच कंपनी अशा छोट्या भारतीय कंपन्यांची घड्याळं थोड्या संख्येने निघतात आणि त्यांच्या मालकांशी थेट बोलता येतं. ‘स्विस मेड’ या दोन शब्दांचा मात्र फार धाक बाळगू नये. २०१७ पासूनच्या नियमानुसार ती अक्षरं छापायला किमान साठ टक्के उत्पादनखर्च स्वित्झर्लंडमध्ये व्हावा लागतो. बाकीचे बरेच भाग बाहेरून येऊ शकतात. मी नवख्याला जो क्रम सुचवेन तो असा : आधी एक एचएमटी, मग एक नवं ऑटोमॅटिक जे रोज घालता येईल, आणि मग वर्ष-दोन वर्षांनी, जे घड्याळ अजूनही डोळ्यांपुढून हलत नसेल तेच मोठं घड्याळ.

या क्रमात घड्याळजी हा पहिल्या दिवसापासून सोबत असतो. लोकमान्य नगरहून मेट्रोने सीताबर्डीला उतरलं किंवा पुढे इतवारीत गेलं की दुकानांच्या कडेला काचेच्या छोट्या पेटीमागे बसलेले जुने घड्याळजी अजून भेटतात. डोळ्याला भिंग लावून ते शंभरभर भाग वेगळे करतात, पेट्रोलमध्ये धुतात, तेलाचा थेंब सुईच्या टोकाने ठेवतात आणि पुन्हा जोडतात. त्यांच्याजवळ बसून एक जनता उघडताना आणि बंद होताना पाहिलेला माणूस पुढे कुठल्याही शोरूममध्ये वेगळे प्रश्न विचारतो. मेनस्प्रिंग कुठली, भाग मिळतात का, कोण उघडणार, किती दिवसांत. त्यांचे हात कमी होत चालले आहेत, कारण बॅटरी बदलण्याचं काम सोडलं तर गिऱ्हाईकच येत नाही. जुन्या एचएमटीची मजुरी ठरवताना संग्राहकाने घासाघीस करू नये, घड्याळजी जे मागतो ते त्याच्या कसबाच्या मानाने कमीच असतं.

एचएमटीचे भाग आता कारखान्यातून येत नाहीत. बॅलन्स, चावीची दांडी, रॅचेट चाक जे काही लागतं ते दुसऱ्या बंद घड्याळातूनच काढलं जातं. म्हणून घरातलं बंद पडलेलं, तबकडी गेलेलं, काच फुटलेलं एचएमटी भंगारवाल्याला देऊ नका. ते सीताबर्डीवर नेऊन एखाद्या घड्याळजीच्या पेटीवर ठेवा आणि भागांसाठी वापरा म्हणून सांगा.